भट्टी अपडेट: जाड प्लेट बसवली, पण मोकळी

मंडळी, गॅस भट्टीची बॉडी आणि आतलं लायनिंग मागेच झालं होतं, आता पुढची फेस प्लेट, आतली तळाची प्लेट आणि दार हे तिन्ही बसवून झालंय आणि पाती कडक करायच्या तापमानाला, म्हणजे ८०० ते ८५० अंशांच्या आसपास, भट्टी निवांत चालतेय. या टप्प्यात सगळ्यात जास्त विचार करायला लावला तो जाड प्लेटने, म्हणून तिच्याबद्दलच सविस्तर लिहितोय.

भट्टीचा विषय निघाला की एक सल्ला हमखास मिळतो, जाड प्लेट घे म्हणजे वाकायची नाही. मला हा सल्ला अर्धाच पटतो. जाड प्लेट स्वतःच्या वजनाने कमी झोल खाते, कडा आणि मधला भाग कमीजास्त तापले तरी पातळ पत्र्यासारखी पटकन उचलत नाही, इथपर्यंत बरोबर आहे. पण एका बाजूने उष्णता आत शिरतेय आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडतेय अशी प्लेट गरम बाजूकडे फुगते, आणि आतून जाणारी उष्णता तेवढीच असेल तर जाडी दुप्पट केल्यावर दोन्ही बाजूंच्या तापमानातला फरकही दुप्पट होतो आणि तो दुप्पट जाडीवर पसरतो, म्हणजे बाक होता तेवढाच राहतो. बदलतो तो जोर. पातळ पत्रा बोल्टने धरून ठेवता येतो, १२ मिमीची प्लेट फुगायला लागली की ती बोल्ट ताणते नाहीतर वेल्ड तोडते. त्यामुळे जाड प्लेट वापरायची असेल तर तिला हलायला जागा ही द्यायलाच लागते.

किती जोर असतो त्याचा हिशेब सोपा आहे. एमएस (माइल्ड स्टील, साधं पोलाद) प्लेट दोन्ही टोकांना घट्ट धरून तापवली तर दर अंशाला साधारण २.४ मेगापास्कल ताण चढतो, साध्या एमएसची यील्ड (ज्या ताणाला धातू कायमचा आकार बदलायला लागतो) २५० च्या आसपास धरली तर फक्त १०० अंश वाढले की प्लेट कायमची दबायला लागते. लाल होणं लांबच राहिलं, शंभरच अंश! आणि मग ती थंड होताना उलटी ओढते, बाक आणि तडे बहुतेक वेळा या थंड होण्याच्या वेळी येतात, तापताना सगळं छान दिसतं.

तर आता माझी फेस प्लेट. ३५० बाय ३५० मिमी, १२ मिमी जाड, एमएस. तिच्यातलं तोंड चेंबरच्या तोंडापेक्षा सगळीकडून २५ मिमी मोठं ठेवलं आणि कॅस्टेबलचा (ओतून बसवायच्या भट्टीच्या काँक्रीटचा) ओठ त्यातून थोडा पुढे काढला, म्हणजे ज्वाळा प्लेटीला थेट चाटत नाही. असं केल्यामुळे तोंडाजवळची कड ४०० च्या आसपास राहते आणि बाहेरची कड १५० च्या आत. पण हा फरकही वर सांगितलेल्या शंभर अंशांपेक्षा बराच जास्त आहे, म्हणून तोंडाच्या चारही कोपऱ्यांतून तिरपे बाहेरच्या दिशेने ३ मिमी रुंद स्लॉट मारले, बाहेरच्या कडेपर्यंत न नेता मध्येच थांबवले, आणि प्रत्येकाच्या टोकाला आधी ८ मिमीचं भोक पाडून घेतलं. हे भोक फार महत्त्वाचं आहे, कटिंग डिस्कने मारलेल्या स्लॉटचं टोक धारदार राहतं आणि तडा बरोबर तिथूनच निघतो. भोक पाडल्यावर आतली कड काउंटरसिंकने हलकी मोडून घ्या, बर (कडेला राहिलेली धारदार किनार) ठेवू नका.

बोल्टिंगमध्ये खालच्या मधल्या एकाच बोल्टला नेमकं गोल भोक ठेवलंय, तो प्लेटीचा ठाव. बाकी सगळी भोकं लांबट आणि त्यांची लांब बाजू त्या एका बोल्टच्या दिशेने, म्हणजे प्लेट तिथून वर आणि बाजूला हवी तशी वाढते. नट आवळायचा नाही, जाड वॉशर, मध्ये अर्धा मिमी मोकळं आणि मग दुसरा नट लावून लॉक. आट्यांना निकेलवालं अँटी-सीझ लावलंय, नाहीतर तापून गार झालेला नट पुढच्या वेळी ग्राइंडरनेच काढावा लागतो. आणि नट, वॉशर जस्ताच्या मुलाम्याचे अजिबात नकोत, जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि त्याच्या धुराने थंडी वाजून ताप भरतो, हे हलक्यात घेऊ नका.

प्लेट गॅस कटिंगची असेल तर कापलेल्या कडेत ताण अडकलेला असतोच, भट्टीत पहिल्यांदा तापली की तो सुटतो आणि प्लेट मुरडते. म्हणून स्लॉट आणि भोकं झाल्यावर एका मित्राच्या मोठ्या भट्टीत ६०० ते ६५० अंशांना स्ट्रेस रिलीफ करून घेतला, नियम २५ मिमी जाडीला एक तास असा आहे आणि नंतर भट्टी बंद करून आतच गार होऊ द्यायची. त्यानंतरच प्लेटीचा पृष्ठभाग घासून सपाट केला.

बाक मोजायला प्लेटीच्या जाडीत कडेकडून दोन बारीक भोकं पाडली, एक गरम पृष्ठभागाजवळ, एक थंड पृष्ठभागाजवळ, आणि दोन्हीत टाइप के थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा). लेझर गनवर मी या कामात विसंबत नाही, चकचकीत धातूवर ती कमीच दाखवते. दोन बाजूंत फरक २० अंशांच्या आसपास आला, त्यावरून हिशेबाने मधला फुगवटा साधारण ०.३ मिमी यायला हवा, आणि पट्टी आडवी धरून फीलर गेज (ठराविक जाडीच्या पात्यांचं फट मोजायचं साधन) सरकवला तर ०.३ ची पात किंचित अडकत आत जात होती, ०.३५ ची जात नव्हती. गार झाल्यावर प्लेट परत सपाट. हे बघून जो आनंद झाला तो इथल्या लोकांनाच कळेल.

हीच प्लेट स्टेनलेसची का नाही, तर ३०४ (नेहमीचं स्टेनलेस) एमएसपेक्षा जास्त प्रसरण पावतं आणि उष्णता फारच हळू पुढे जाऊ देतं, तेवढ्याच उष्णतेत साधारण तिप्पट बाक. ४०० अंशांच्या जागी एमएसच बरं.

तळाच्या प्लेटीचं मात्र उलटं आहे, तिथे एमएस कितीही जाड असली तरी चालणार नाही. साधारण ५७० च्या वर लोखंडावर पपडी झपाट्याने धरते, थरावर थर, गार झाली की सुटते आणि खाली नवा धातू उघडा पडतो. ताकद ६०० लाच निम्म्याच्या खाली जाते. त्यात ७२७ अंशांना लोखंडाची आतली रचनाच बदलते आणि आकारमानही, प्रत्येक वेळी तापताना आणि गार होताना, त्यामुळे प्लेट हळूहळू वेडीवाकडी होत जाते. बॉयलर प्लेट लाव असंही बरेच जण म्हणतात, पण त्यातल्या एसए ५१६ ग्रेडला ४२५ च्या वर जास्त काळ ठेवू नये म्हणतात आणि १६एमओ३ सुद्धा ५०० च्या आसपासचाच माल आहे, ८५० ला दोन्हींचा उपयोग नाही.

म्हणून तळाला ३१० (जास्त उष्णता सोसणारं स्टेनलेस) घेतलं, ४०० बाय २४० मिमी, १० मिमी जाड, वजन साडेसात किलोच्या आसपास. कमाल तापमानाच्या तक्त्यात ३१० पुढे ११५० आणि १०३५ असे दोन आकडे दिसतात, पहिला सतत तापलेल्या कामाचा आणि दुसरा तापणं-गार होणं चालू असतं त्या कामाचा. आपल्या भट्ट्या रोज पेटतात आणि विझतात, तेव्हा आपण कमी आकडाच बघायचा. ३०४ चे ९२५ आणि ८७०, म्हणजे ८५० ला अगदी काठावर, मला ते पटलं नाही. २० मिमी जाडीही मुद्दाम घेतली नाही, पात्याखाली तापमान एकसारखं ठेवायला १० मिमी पुरते आणि दुप्पट जाडी म्हणजे ती तापवायला दुप्पट गॅस आणि दुप्पट वाट बघणं.

ही प्लेट कशालाच बांधलेली नाही. विटांच्या तुकड्यांवर नुसती ठेवलीय, तुकडे जवळजवळ म्हणजे मध्ये झोल येत नाही, आणि ४०० मिमी लांबीत ती चांगली ६ मिमी वाढते म्हणून चारी बाजूंनी ५ मिमी फट आहे. अधूनमधून पालथी करतो. एक काळजी घ्या, ३१० बराच काळ ६०० ते ९०० च्या पट्ट्यात राहिलं की गार असताना ठिसूळ होतं, तेव्हा जुनी प्लेट आपटू नका, ठोकून सरळ करायला तर जाऊच नका.

दाराचं फार काही नाही, एमएस प्लेट, आतून ब्लँकेट (उष्णता अडवणारी सिरॅमिक तंतूंची गादी), वरच्या रेलवर लटकतं. ब्लँकेट कापताना मास्क हवाच आणि नंतर रिजिडायझर मारून तंतू बांधून टाका. खोलीत हवा खेळती ठेवा, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आता दाराची रेल फेस प्लेटवरून काढून बॉडीवर घ्यायचीय, कारण फेस प्लेट हलली की दारही हलतं. कुणी ३१० ऐवजी २५३एमए (उष्णता सोसणारं दुसरं स्टेनलेस) तळाला वापरलं असेल तर किती वापरानंतर किती झोल आला ते जरूर लिहा, पुढची प्लेट घ्यायच्या आधी मला ते हवंय.