पाटी कानडीत, तरी गाडी चुकायची नाही

बेळगावात मेट्रो नाही, लोकल नाही. रोजचं येणं-जाणं म्हणजे वायव्य कर्नाटक परिवहनची गाडी, आणि तिची पाटी कानडीत. अख्खी बाराखडी शिकायची गरज नाही, चारपाच खुणा पुरतात.

सगळ्यात कामाची खूण अक्षराच्या खाली असते. कानडीत जोडाक्षरातला दुसरा व्यंजन पहिल्याच्या खाली लटकतो. ‘कोल्हापूर’मध्ये ‘ल’खाली ‘ह’ लोंबतो. निपाणीला कानडीत दोन ‘प’ लागतात, त्यातला एक खाली. ‘खानापूर’मध्ये जोडाक्षर नाही, त्यामुळे खाली लटकलेलं काहीच दिसत नाही. शेवटी ‘पूर’ दिसलं म्हणून धावणारे नेमके इथेच फसतात. खानापूर दक्षिणेला, कोल्हापूर उत्तरेला. उलट्या गाडीत बसलात की हायवेला लागल्यावर कळतं. येळ्ळूरच्या पाटीवरही ‘ळ’ला ‘ळ’ लटकलेला असतो, पण ती शहरी गाडी, वेगळीकडे लागते.

आकडे बहुतेक इंग्रजीच असतात. क्वचित कानडी आकडे आले तर 2 आणि 4 आपल्या २ आणि ४ च्या जवळचे आहेत. घोळ घालतो तो सात. कानडी सात पटकन बघितला तर इंग्रजी दोनासारखा वाटतो.

पाटीवर दोन्ही टोकांची नावं असतील तर गाडी जाणारी की आलेली, ते पाटी सांगत नाही. सरळ विचारावं. ‘येळ्ळूर होक्कैतेन्री?’ (येळ्ळूरला जाते का?) एवढं पुरतं, मराठीत विचारलं तरी बऱ्याचदा मराठीतच उत्तर येतं. गर्दीत कानावर पडणारे शब्द तेवढे ठाऊक हवेत: ‘मुंद नडीरी’ म्हणजे पुढे सरका, ‘इळीरी’ म्हणजे उतरा. ‘चिल्लर कोडरी’ला भाषांतर लागत नाही.

आता तिकीट. 11 जून 2023 पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना साध्या आणि एक्स्प्रेस गाड्यांत प्रवास फुकट आहे. राजहंस, ऐरावत या आरामगाड्या, एसी, स्लीपर त्यात नाहीत. कर्नाटकातला पत्ता असलेलं ओळखपत्र दाखवावं लागतं. चंदगड तालुक्यातून रोज बेळगावला येणाऱ्या बाईच्या आधारवर महाराष्ट्राचा पत्ता असतो, तिला पैसे मोजावे लागतात. आणि फुकट म्हणजे बिनतिकीट नव्हे. शून्य रुपयाचं तिकीट घ्यावंच लागतं, कारण त्याच तिकिटांच्या हिशेबावर महामंडळाला सरकारकडून भरपाई मिळते. ‘फुकटच आहे, तिकीट कशाला’ म्हणणाऱ्या मावशींशी कंडक्टर हुज्जत का घालतो, ते यातून कळेल.

महाराष्ट्राच्या एसटीत मार्च 2023 पासून महिलांना अर्धं भाडं आहे, पण ते महाराष्ट्राच्या हद्दीपुरतंच. वेंगुर्ला रस्त्यावर शिनोळी महाराष्ट्रात, पलीकडची बाची कर्नाटकात. एसटीनं बेळगावला येताना सवलत हद्दीपर्यंतच्या टप्प्याला मिळते, पुढचा टप्पा पूर्ण भाड्याचा. रस्ता तोच, सीट तीच.

बसायचं कुठे, हेही ठरलेलं बरं. मागच्या चाकावरच्या सीटखाली चाकाची कमान वर आलेली असते, गुडघे छातीला लागतात. शेवटची लांब सीट चाकाच्या अॅक्सलच्याही मागे लोंबकळते, त्यामुळे खड्ड्यात मागचं चाक जेवढं उसळतं त्याहून जास्त ती उसळते. कंबर दुखत असेल तर दोन चाकांच्या मधली जागा धरावी. पावसाळ्यात खिडकीजवळ बसण्याआधी काच सरकते का ते बघावं.

वेळ कोलमडते ती टिळकवाडीच्या रेल्वे गेटवर. लोक म्हणतात, रेल्वेगाडी दिसतही नाही आणि गेट पाडून ठेवलंय. कारण असं की सिग्नलला जोडलेलं गेट बंद होऊन कुलूप लागल्याशिवाय गाडीचा सिग्नल पडतच नाही, म्हणून गेट आधी बंद होतं. एक गाडी गेली तरी काठी उठली नाही तर समजावं, दुसरी येत असेल. पहिली गेल्या गेल्या खालून बाइक घुसवणारे नेमके त्या दुसरीसमोर येतात. पहिल्या पाळीला पोचायचं असेल आणि वाटेत गेट लागत असेल तर गेटचा वेळ धरून एक बस आधीची पकडावी.

हद्दीपलीकडे रोज जाणाऱ्यांनी सकाळी निघताना बातम्याही बघाव्यात. 2025 च्या फेब्रुवारीत भाषेच्या वादात दोन्ही राज्यांच्या एकमेकांकडे जाणाऱ्या गाड्या काही दिवस थांबल्या होत्या. अशा दिवसांत गाड्या आपापल्या हद्दीपर्यंतच येतात, हायवेला कोगनोळीच्या आसपास. पुढची गाडी पलीकडून धरावी लागते, म्हणजे तिकिटं दोन, सुट्टे पैसे दोनदा, आणि मधला पट्टा पायी.