गाणं ज्याचं, त्याच्याच तोंडून

अमेरिकेतल्या नॅशव्हिलला, म्हणजे कंट्री या तिकडच्या गावरान संगीताच्या माहेरी, गेलेले लोक तिथल्या लोअर ब्रॉडवे या बारच्या रस्त्याचे फोटो टाकतात. निऑनचे दिवे, प्रत्येक मजल्यावर वेगळा बँड, नव्याकोऱ्या काउबॉय टोप्या घालून फिरणाऱ्या मुली. आम्हीही दुपारी तिथे एक चक्कर मारली. अर्ध्या तासात कान किटले, मग गाडी काढून ग्रीन हिल्सचा रस्ता धरला. आमचं खरं काम ब्लूबर्ड कॅफेत होतं, गीतकार स्वतःच आपली गाणी गातात त्या छोट्याशा जागी.

अटलांटाहून नॅशव्हिल साधारण चार तासांवर. चॅटानूगा मागे पडलं की मॉन्टीगलचा घाट लागतो, ट्रक रांगत चढत असतात. मध्येच घड्याळ बदलतं आणि जाताना एक तास फुकटात पदरात पडतो. तो आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या खाण्यात सत्कारणी लावला.

ब्लूबर्ड शोधायला जाल तर चुकून पुढे निघून जाल. मोठ्या रस्त्याच्या कडेला दुकानांची एक बुटकी रांग आहे, त्यातलाच हा एक गाळा. आत जेमतेम 90 माणसं बसतात. तिकिटं ऑनलाइन निघतात आणि नावाजलेलं कोणी असेल तर बघताबघता संपतात. सकाळी दहाच्या ठोक्याला तत्काळसाठी बोटं शिवशिवत बसलेल्यांना वेगळं सांगायला नको. एमी कर्लंड नावाच्या बाईंनी 1982 मध्ये ही जागा सुरू केली. 2008 पासून ती गीतकारांच्या संघटनेकडे आहे. गार्थ ब्रुक्स, टेलर स्विफ्ट यांची पहिली पावलं इथली, हे तिथे कोणीही सांगतं. मला त्याचं फारसं अप्रूप नव्हतं. मी आले होते डॉन श्लिट्झ या गीतकारासाठी.

हे नाव आपल्याकडे कोणाला माहीत असण्याचं कारण नाही. पण 'व्हेन यू से नथिंग अ‍ॅट ऑल' माहीत असतं. 1999 मध्ये रोनन कीटिंगने गायलेलं ते गाणं आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये कोणी ना कोणी गायचंच. ते मुळात कंट्री गाणं आहे, कीथ व्हिटलीने 1988 मध्येच गाजवलेलं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. लिहिलं पॉल ओव्हरस्ट्रीट आणि डॉन श्लिट्झ या दोघांनी, तेही दिवसभर बसून काही सुचलं नाही तेव्हा. मग हा श्लिट्झ कोण म्हणून खोदत गेले, तर कंट्री गायक केनी रॉजर्सचं 'द गॅम्बलर'ही याचंच निघालं. ते त्याने 1976 मध्ये लिहिलं, वय तेव्हा 23 वगैरे. नोकरी काय, तर व्हँडरबिल्ट विद्यापीठात रात्रपाळीचा कॉम्प्युटर ऑपरेटर! हिंजवडीत सपोर्टच्या रात्रपाळ्या काढलेल्या बाईला याहून जवळचा माणूस कुठे भेटणार? गाण्याचा बराचसा भाग घरी चालत जाताना डोक्यात जुळला, शेवटच्या कडव्याने मात्र काही आठवडे घेतले. नंतर दोन वर्षं ते या गायकाकडून त्या गायकाकडे फिरत राहिलं.

ब्लूबर्डमध्ये स्टेज आहे, पण 'इन द राउंड' असेल तेव्हा ते रिकामं राहतं. चार गीतकार खोलीच्या मधोमध, एकमेकांकडे तोंड करून बसतात आणि आळीपाळीने आपापलं गाणं गातात. ही पद्धत 1985 मध्ये इथे सुरू करणाऱ्या चौघांत श्लिट्झ आणि ओव्हरस्ट्रीटही होते. आमचं टेबल इतकं जवळ होतं की श्लिट्झच्या गिटारवरची नखाने पडलेली ओरखड्यांची जाळी दिसत होती. आमच्याच टेबलावर केंटकीहून आलेलं एक वयस्कर जोडपं. वेट्रेस ट्रे डोक्यावर धरून खुर्च्यांच्या फटीतून तिरकी सरकायची. आणि गाणं चालू असताना कोणी कुजबुजलं तर बाकीचे चक्क वळून बघायचे. शांत बसण्याबाबत हे लोक भलतेच कडक आहेत. आपल्या बैठकीत मोकळेपणाने 'वा!' जातं, इथे ती सोय नाही. सुरुवातीला मला ते थोडं शाळेसारखं वाटलं.

श्लिट्झने 'द गॅम्बलर' धरलं आणि माझं मत बदललं. रॉजर्सच्या रेकॉर्डमध्ये कोरस आहे, मध्ये सूर एक पायरी वर चढतो, सगळा थाट आहे. इथे एक गिटार आणि थोडा खरखरीत, बोलल्यासारखा आवाज. चालीत फार चढउतार नाहीतच मुळी. रात्रीच्या आगगाडीत समोरचा अनोळखी म्हातारा एक घोट दारूच्या बदल्यात पत्त्यांचं शहाणपण सांगतो आणि झोपेतच जातो, एवढीच गोष्ट. ध्रुवपद इतकं गाजलंय की तो मरतो हे ऐकणाऱ्यांच्या लक्षातच राहत नाही. माझ्याही राहिलं नव्हतं. त्या खोलीत ते कडवं आलं तेव्हा केंटकीच्या आजोबांचा काटा ताटलीत तसाच राहिला. पुढच्या ध्रुवपदाला श्लिट्झने मान हलवून आम्हाला खूण केली. मग काय, आख्खी खोली गायला लागली, बारमागचा माणूससुद्धा.

एक गोष्ट मला राहून राहून जाणवली. आकाशवाणीवर भावगीत लागलं की निवेदक गीतकार, संगीतकार आणि गायक अशी तिन्ही नावं घेतो. म्हणून तर गदिमा आणि बाबूजी आपल्याला एका दमात आठवतात. अमेरिकन रेडिओवर गायकाचं नाव सांगितलं की काम झालं. लिहिणारा कितीही मोठा असो, भाजी घ्यायला गेला तर कोणी ओळखणार नाही. श्लिट्झला 2017 मध्ये कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, पण मी ऑफिसात विचारलं तर एकालाही नाव सांगता आलं नाही. ब्लूबर्डमध्ये मात्र मधली खुर्ची लिहिणाऱ्याचीच असते.

'व्हेन यू से नथिंग' अगदी शेवटी आलं. उरलेल्या तिघांनी हळूच सूर मिसळले, त्यातली एक बाई तर डोळे मिटून वरची पट्टी अशी काही धरून होती की मी आधी तिच्याकडेच बघत राहिले. परतीच्या वाटेवर आम्ही व्हिटलीचं, अ‍ॅलिसन क्राउसचं आणि कीटिंगचं अशी तिन्ही रूपं लावली आणि मॉन्टीगल उतरेपर्यंत वाद घातला. मी क्राउसच्या बाजूने. नवरा, एवढं सगळं ऐकूनही, कीटिंगवरच ठाम आहे.