मामाचा प्रीअ‍ॅम्प आणि डाव्या बाजूचा खर्ज

फोनो प्रीअ‍ॅम्प (रेकॉर्डच्या सुईकडून येणारा बारीक सिग्नल वाढवणारा डबा) कुरकुरायला लागला की जो तो सांगतो, नवा घे. मलाही यंदा सगळ्यांनी तेच सांगितलं. मी नवा घेतला नाही, जुनाच उघडला. का, ते सविस्तर लिहिते. आमच्या फोंड्यात काय नि म्हापशात काय, बाबांच्या पिढीच्या कितीतरी घरांत एलपी आहेत आणि त्यांच्या शेजारी असे डबेही आहेत. ते भंगारात जाताना मला बघवत नाही.

आमचा डबा मामाने स्वतः केलेला. मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवरून सगळे भाग आणले, अ‍ॅल्युमिनियमच्या पेटीत सर्किट बसवलं आणि ट्रान्सफॉर्मर वेगळ्या डब्यात ठेवला. हे शेवटचं त्याने फार विचाराने केलं होतं. आमच्या काट्रिजमधून, म्हणजे सुईच्या थरथरीची वीज करणाऱ्या भागातून, जेमतेम 4 मिलिव्होल्ट येतात. ते शंभर पट वाढवून मग अ‍ॅम्प्लिफायरला द्यायचे. त्यात रेकॉर्ड कापताना खालचे स्वर मुद्दाम दाबलेले असतात, नाहीतर खाचा एकमेकींत घुसतील, आणि वरचे स्वर उचललेले असतात. वाजवताना याच्या बरोब्बर उलट करावं लागतं. 1954 पासून रूढ झालेला, अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेचा आरआयएए वक्र तो हाच. 20 हर्ट्झला सुमारे 19 डेसिबल वाढ, 20 किलोहर्ट्झला तेवढीच घट. म्हणजे विजेच्या तारेतला 50 हर्ट्झचा घूंऽऽ आत शिरला तर तोही मधल्या स्वरांच्या सात पट मोठा होऊन बाहेर पडणार. म्हणून ट्रान्सफॉर्मर लांब.

तक्रारी दोन होत्या: बारीक घूं ऐकू यायचा, आणि डाव्या बाजूचा तंबोरा पोकळ वाटायचा. दुसरी तक्रार घरात कोणालाच पटेना. तंबोऱ्यात मूळ स्वरापेक्षा वरचे उपस्वरच जास्त बोलतात, त्यामुळे खर्जाचा पाया गेला तरी चटकन कळत नाही. पण लहानपणापासून तीच रेकॉर्ड ऐकलेल्या कानाला कळतं. जवारी, म्हणजे तारांचा झणत्कार, सगळी जागेवर आणि खाली जमीन नाही, असं काहीतरी.

डबा उघडायच्या आधी अदलाबदल करून बघायची. टर्नटेबलच्या दोन पिना प्रीअ‍ॅम्पच्या इनपुटला उलटसुलट लावल्या. पोकळपणा उजवीकडे गेला असता तर दोष काट्रिजचा किंवा वायरचा. तो डावीकडेच राहिला. मग इनपुट पूर्ववत करून आउटपुटला तेच केलं. आता तो उजवीकडे गेला. म्हणजे दोष डब्यातच. याला एक पैसा लागत नाही, आणि नवं काही विकत घेण्याआधी प्रत्येकाने हे करावंच.

घूं कसला तेही ओळखता येतं. 50 हर्ट्झचा जाड, गुळगुळीत आवाज असेल तर बहुधा अर्थिंग किंवा शिल्डिंग. थोडा वरचा, खरखरीत, 100 हर्ट्झचा असेल तर रेक्टिफायरनंतरचे (एसीची डीसी झाल्यावर ती वीज सपाट करणारे) फिल्टर कपॅसिटर थकलेत. आमचा दुसऱ्या जातीचा होता.

म्हापशाला एक वयस्कर रेडिओ दुरुस्त करणारे काका आहेत, त्यांना बोर्ड नेऊन दाखवला. भिंगाने दोन्ही बाजू नीट पाहिल्या, लाकडी काडीने एकेक सांधा हलवून बघितला आणि म्हणाले, "उडयनाका गो बाय. कपॅसिटर बदल, पुरो." म्हणजे फेकू नकोस, तेवढं केलंस की झालं.

इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरच्या आत ओलसर द्रावण असतं. ते रबराच्या बुचातून वर्षानुवर्षं उडत राहतं, आणि जितकी उष्णता जास्त तितकं लवकर. मामाने वापरलेले 85 अंशांचे, 2,000 तासांचे, म्हणजे तेवढ्या उष्णतेत तेवढे तास टिकणारे. ढोबळ नियम असा की तापमान दर 10 अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट. पेटीत 45 अंश धरले तर 32,000 तास. आता आमच्याकडची रीत बघा. जून ते सप्टेंबर घरात इतकी ओल असते की चपलांना, पट्ट्यांना, एलपीच्या कव्हरांना बुरशी धरते. त्यामुळे बाबा पावसाळाभर प्रीअ‍ॅम्प बंदच करत नसत, उबेने आत ओल धरू नये म्हणून. चार महिन्यांचे झाले साधारण 2,900 तास. अकरा पावसाळ्यांत हिशेब संपला. आमच्या डब्याने तर त्याहून कितीतरी जास्त पावसाळे काढलेत! बाबांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. बोर्डावर एकही तांब्याची पट्टी गंजलेली नव्हती, ती त्या उबेमुळेच. पण कपॅसिटर त्या उबेत सुकले.

डाव्या चॅनेलचा 100 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर काढला. वरचं निळं प्लॅस्टिक आक्रसून किनारीपासून सुटलं होतं आणि बुडाशी तपकिरी, चिकट कड धरली होती. मीटरवर भरला 9 मायक्रोफॅरड. उजवीकडचा अजून 60. मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते, त्यामुळे हात आपोआप कागदाकडे गेला. फीडबॅकमध्ये (सर्किट किती पट वाढवेल ते ठरवणाऱ्या भागात) त्याच्याबरोबर 220 ओहमचा रेझिस्टर आहे. 100 मायक्रोफॅरडला सर्किट 7 हर्ट्झपर्यंत खाली जातं, 60 ला 12 पर्यंत, तेही चालून जातं. 9 ला मात्र 80 हर्ट्झच्या आसपासच उतार सुरू. काळी एकच्या तंबोऱ्याचा खर्ज असतो 69 हर्ट्झ. डावीकडची जमीन नेमकी तिथेच खचली होती. कागदावरचा तो आकडा पाहून मला जो आनंद झाला तो सांगता येणार नाही.

सगळे इलेक्ट्रोलायटिक बदलले, 105 अंशांचे घातले. फिल्टरचे मोठे कपॅसिटर काढण्याआधी रेझिस्टर लावून रिकामे केले. ही पायरी कोणी गाळू नका. आरआयएएच्या जाळ्यातले पॉलिस्टायरिनचे कपॅसिटर तसेच ठेवले. त्यांच्यात सुकण्यासारखं काही नसतं, आणि मामाने ते जुळवून निवडलेले होते. सिग्नल वाढवणारी एनई5532 ही चिपही तीच. जुनी चिप काढून महागडी बसवायची हौस पुष्कळांना असते, मला त्यात अर्थ दिसत नाही. 1979 पासूनची ही चिप आजही या कामाला चोख आहे. खाऱ्या वाऱ्याने इनपुटच्या सॉकेटवर हिरवट थर चढला होता, तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला.

नवा कधी घ्यावा? ट्रान्सफॉर्मर जळला असेल, बोर्डाच्या पट्ट्या उखडल्या असतील, किंवा तुम्ही फारच बारीक सिग्नल देणाऱ्या मूव्हिंग कॉइल काट्रिजकडे वळला असाल आणि जुन्याची वाढ पुरत नसेल, तर जरूर घ्या. नुसत्या घूंसाठी नको.

आता घूं नाही, आणि दोन्हीकडचा तंबोरा सारखा बोलतो. राहिलं ते 78च्या, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांचं काम. बाबांकडे केसरबाई केरकरांच्या काही आहेत. आमच्या केरीच्या केसरबाईंचा आवाज 1977 मध्ये व्हॉयेजर यानाच्या सोनेरी तबकडीवरून अवकाशात गेला. सोबत काट्रिज आणि सुईही पाठवलीय. पुढे तो एवढासा सिग्नल मोठा करायचं काम, ज्याला ती सापडेल त्याचं. इथल्या 78 ना मात्र आरआयएए लागू पडत नाही, त्या आधीच्या, आणि त्यांना सुईही 3 मिलची (इंचाच्या तीन हजारांशांची) जाड लागते. सुई मागवलीय. वक्र बदलायचं बटण मामाच्या पेटीत बसवायचं की वेगळा डबा करायचा, हे ठरायचंय. गोव्यात कोणी असं बटण बसवलं असेल तर सर्किट जरूर दाखवा.