धर्माची गाय आणि तिचे दात

आज पुन्हा तोच विचार डोक्यात. अब्जाधीश स्वतःचा पैसा देतोय, तर तो कशाला द्यायचा यात इतरांनी नाक का खुपसावं? धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत, हे ऐकतच मोठी झाले. पण ही गाय पूर्ण धर्माची नसते. अनेक देशांत दानावर करसवलत मिळते, म्हणजे सरकारी तिजोरीत जाणारा थोडा पैसा वाटेतच वळतो. मग दात मोजायला काय हरकत आहे?

ॲमेझॉनचे संस्थापक जेफ बेझोस यांनी २०१७ मध्ये ट्विटरवर दानासाठी कल्पना मागवल्या. सूचनांचा ढीग पडला. पुढच्या वर्षी दोन अब्ज डॉलरचा निधी जाहीर झाला, बेघर कुटुंबं आणि बालवाड्यांसाठी. काम चांगलंच, पण ठरवलं त्यांनीच. सूचनापेटी टांगली म्हणून कारभार लोकांचा होत नाही.

त्यापेक्षा ऑस्ट्रियाच्या मार्लेने एंगेलहॉर्नचा प्रयोग मला पटतो. वारशातले अडीच कोटी युरो तिने २०२४ मध्ये ५० अनोळखी नागरिकांच्या हवाली केले. आधी दहा हजार जणांना पत्रं, मग आलेल्या होकारांतून समाजाचा नमुना ठरेल अशी ५० माणसं. साल्झबुर्गमध्ये सहा शनिवार-रविवार बैठका झाल्या. प्रवासखर्च, मुलं सांभाळायची सोय, वर मानधन. हे मानधन मला सगळ्यात शहाणपणाचं वाटलं. एरवी अशा ठिकाणी हौशी आणि सवड असलेलेच येतात. तज्ज्ञांचं ऐकून, वाद घालून त्यांनी ७७ संस्था निवडल्या. एंगेलहॉर्नला नकाराधिकार नव्हता.

दान कुठे जावं यावर सरसकट ऑनलाइन मतदान घेण्यावर मात्र माझा विश्वास नाही. तिथे गोंडस बाळाचा फोटो जिंकतो. मैलापाणी वाहून नेणाऱ्या पाइपला कोण मत देणार?

आणि हे पन्नास जण तरी देणाऱ्याच्या देशातलेच. दूरच्या देशात हिवतापाने फणफणलेल्या मुलाची आई त्या बैठकीत नसते. कधीकधी तर त्याच शहरातली आईही नसते. २०१० मध्ये फेसबुकच्या मार्क झुकरबर्ग यांनी अमेरिकेतल्या न्यूआर्क शहराच्या शाळांसाठी दहा कोटी डॉलर देऊ केले, तेही ओप्रा विन्फ्रीच्या टीव्ही कार्यक्रमात. बहुतेक पालकांना ते टीव्हीवरून कळलं. त्यांचं म्हणणं ऐकायच्या सभा मागाहून भरल्या.