भंडाऱ्याच्या मोरांडीत बाकला : या हिवाळ्याच्या नोंदी

बाकला (इंग्रजीत ब्रॉड बीन) हे पीक आपल्याकडील वालाच्या आणि पोपटाच्या शेंगांबरोबर एकाच पंक्तीत बसवले जाते. लागवड करणाऱ्याने मात्र ही गल्लत बी हातात घेण्यापूर्वीच मनातून काढून टाकावी. वाल हा उष्ण प्रदेशातील वेल आहे आणि पावसाळ्यात मांडवावर चढवला की तो थंडीत भरभरून शेंगा देतो. बाकला मात्र वाटाणा, मसूर आणि लाखोळी यांच्या नात्यातील, चौकोनी पोकळ खोडाचे, ताठ उभे राहणारे थंडीचे झाड आहे. त्याला तणावे फुटत नाहीत आणि मांडवही लागत नाही. कोलंबसापूर्वीच्या युरोपात शेंगभाजी म्हणून प्रामुख्याने हाच दाणा खाल्ला जात असे, कारण राजमा आणि फरसबी तोवर अमेरिका खंडातून बाहेरच पडलेल्या नव्हत्या. इस्रायलमधील कार्मेल पर्वतावर त्याचे सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचे रानटी दाणे सापडले आहेत, मात्र ज्या रानटी झाडापासून आजचा बाकला आला ते झाड जिवंत अवस्थेत अद्याप कोणाला आढळलेले नाही.

ऑक्टोबरअखेर : पेरणी

इंग्रजी बागकामाच्या पुस्तकांत या पिकाविषयीची सगळी चिंता बर्फाची आणि गोठवणाऱ्या थंडीची असते. ‘अ‍ॅक्वाडल्स क्लॉडिया’ हा तेथील जुना वाण नोव्हेंबरमध्ये पेरून, हिवाळ्यातून पार नेऊन, उन्हाळ्याच्या तोंडाशी खाल्ला जातो आणि त्याची ख्याती थंडी सोसण्याबद्दलच आहे. ही ख्याती आपल्या काही उपयोगाची नाही. नागपूरने २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंश सेल्सिअस इतके नीचांकी तापमान पाहिले, परंतु बाकल्याच्या रोपाला तेवढ्याने धक्का लागत नाही. आपली अडचण हंगामाच्या दोन्ही टोकांना असलेल्या उन्हाची आहे. ऑक्टोबरच्या तापत्या जमिनीत बी कुजते किंवा रोप लुळे पडते, आणि फेब्रुवारीत दुपारचे तापमान तीस अंशांच्या वर गेले की उरलेली फुले गळून जातात. म्हणून आपण इंग्लंडचे नव्हे, तर बिहारचे आणि नाईलच्या खोऱ्याचे वेळापत्रक समोर ठेवावे, असे माझे ठाम मत झाले आहे. या दोन्ही ठिकाणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेरणी होते आणि ऊन चढण्यापूर्वी हिरव्या शेंगा हाती येतात.

कोजागिरी उलटून पहाटेचा गारवा अंगाला जाणवू लागल्यावर, धान निघालेल्या बांधीच्या वरच्या अंगाला, मोरांड (मध्यम पोताच्या) मातीत सरी-वरंबे पाडून बी टोकले. खोली सुमारे पाच सेंटिमीटर, दोन रोपांत वीतभर अंतर आणि दोन ओळींत दीड फूट. एका बाजूला पाटण्याहून आणलेले बारीक दाण्याचे देशी बियाणे आहे, तर दुसऱ्या बाजूला रुंद, चपट्या दाण्याचा युरोपीय वाण. कन्हार जमिनीत पाणी साचून मुळे गुदमरतात, त्यामुळे ज्यांच्याकडे केवळ काळी भारी माती आहे त्यांनी वरंबे उंच करावेत आणि पेरणीनंतर ओलिताची घाई करू नये.

नोव्हेंबर : मुळांवरच्या गाठी

या हंगामातील सर्वांत मोलाची नोंद हीच आहे, म्हणून ती थोडी सविस्तर लिहितो. बाकल्याच्या मुळांवर गाठी करणारा रायझोबियम जिवाणू हरभऱ्याचा नव्हे आणि सोयाबीनचाही नव्हे. वाटाणा, मसूर आणि लाखोळी यांच्या मुळांवर जो राहतो, तोच बाकल्यालाही चालतो. भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांत उभ्या धानात लाखोळी फेकून उतेरा घेण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, याचा अर्थ आपल्या बांध्यांच्या मातीत हा जिवाणू आधीच मुरलेला असतो. हे पडताळण्यासाठी एका वरंब्यात लाखोळीच्या बांधीतील टोपलीभर माती मिसळली, आणि ज्या तुकड्यात आजवर केवळ सोयाबीन आणि हरभराच होत आला तेथील वरंबा तसाच ठेवला.

नोव्हेंबरच्या अखेरीस दोन्हीकडचे एकेक रोप मातीच्या गोळ्यासकट उपटून पाण्यात हळूच धुतले. लाखोळीच्या मातीतील मुळांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी घोसाघोसाने चिकटलेल्या होत्या. नखाने एक गाठ फोडली तेव्हा आतून गुलाबी रंग दिसला; तो रंग असेल तरच गाठ नत्र बांधण्याचे काम करीत आहे असे समजावे. सोयाबीनच्या तुकड्यातील मुळे जवळजवळ कोरी होती, आणि तेथील रोपांची खालची पाने पिवळसर पडू लागली होती. यवतमाळ-अमरावतीकडील मंडळींनी, जेथे लाखोळीची परंपरा नाही, वाटाण्याच्या किंवा मसुराच्या शेतातील माती मिळवावी, किंवा वाटाण्यासाठी मिळणारे जिवाणू खत बियाण्याला चोळावे. हरभऱ्याच्या पाकिटातील खताने येथे काम होणार नाही.

याच सुमारास शेजारच्या काकूंनी धुऱ्यावर थांबून रोपे पाहिली. “काय जी भाऊ, हा पोपट मांडवाबिगर कसा उभा झाला?” असे त्यांनी विचारले. खोडाची चौकोनी धार बोटाने चाचपून पाहिल्यावर, “हे तर लाखोरीचीच जात दिसते,” असा निर्वाळाही त्यांनीच दिला. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तो माझ्या कोणत्याही स्पष्टीकरणापेक्षा अधिक नेमका होता.

डिसेंबर : फुले, मुंग्या आणि भुंगे

देशी बियाण्याला डिसेंबरच्या मध्याला फुले आली. पांढऱ्या पाकळ्यांच्या दोन्ही पंखांवर काळाभोर ठिपका असतो, आणि पहाटे दव असताना वाफ्याजवळ उभे राहिले तर मंद, गोडसर वास येतो. त्याहून कुतूहलाची गोष्ट पानाच्या देठाशी आहे. तेथील लहान उपपर्णांवर जांभळट काळे ठिपके असतात आणि त्यांतून मधासारखा रस पाझरतो, त्यामुळे फूल उमलण्याच्या कितीतरी आधीपासून झाडावर मुंग्यांची ये-जा सुरू होते. नवीन लागवड करणारे या ठिपक्यांना रोग समजून फवारणीला धावतात. तसे करू नये.

फुलांवर सातेरी मधमाश्या आल्या, काळे मोठे भुंगेही आले. भुंगे मात्र बहुतेक वेळा फुलाच्या तोंडातून आत न शिरता देठाजवळ चीर पाडून परस्पर मध लांबवतात, आणि अशा भेटीत परागीभवन घडत नाही. युरोपातही आखूड जिभेचे भ्रमर हीच चोरी करतात. बाकला काही प्रमाणात स्वतःच फळतो, तरीही माश्यांची योग्य रीतीने भेट झालेल्या झाडावर शेंगा अधिक धरतात, हे खरे आहे. बरीचशी फुले उत्तम हवामानातही गळतातच. या झाडाचा तो स्वभावच असल्यामुळे फुलगळ दिसताच संजीवकांच्या बाटल्यांमागे लागू नये.

युरोपीय वाणाची झाडे या वेळी कंबरेएवढी, गर्द आणि देखणी झाली होती, पण कळीचा पत्ता नव्हता. अशा वाणांना लवकर फुलण्यासाठी आरंभीच्या वाढीत दीर्घ थंडी मिळावी लागते, आणि ती देणे आपल्या हिवाळ्याला जमत नाही.

जानेवारी : मावा आणि पहिली तोडणी

संक्रांतीच्या आसपास कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा बसला. खालच्या शेंगा धरल्या की शेंडा चार बोटे खुडून टाकणे हा यावरचा जगभर चालत आलेला उपाय आहे, आणि तो येथेही पुरेसा ठरला. खुडलेले निरोगी शेंडे फेकू नयेत. लसूण आणि हिरव्या मिरचीवर परतले की त्यांची भाजी पालकाहून अधिक चवदार होते.

शेंग कधी तोडावी याचा निर्णय शेंगेच्या आकारावरून नव्हे, तर दाण्याच्या नाळेवरून करावा. शेंग उकलून पाहावी. आत पांढरा, मऊ, मखमली लेप असतो आणि त्यात दाणे रुतून बसलेले असतात. दाणा जेथे शेंगेला जोडलेला असतो तेथील रेघ हिरवी किंवा पांढरी असेल तर दाणा कोवळा आहे. ती काळी झाली की साल जाड आणि कडवट होते. सोलणाऱ्याची बोटेही काळी पडतात, कारण झाडात एल-डोपा हे द्रव्य असते आणि हवा लागताच ते काळवंडते. वाळलेली शेंग कोळशासारखी काळी दिसते तीही यामुळेच.

कोवळे दाणे सालीसकट शिजवावेत. मध्यम दाणे दोन मिनिटे उकळत्या पाण्यात टाकून, गार पाण्यात काढून, नखाने साल फोडून दाबले की आतला पोपटी गर सुटून बाहेर येतो. काम वेळखाऊ आहे, आणि टोपलीभर शेंगांतून वाटीभरच गर निघतो हे पाहून घरची मंडळी कपाळाला हात लावतात, परंतु जून झालेल्या दाण्यांसाठी दुसरा मार्ग नाही.

हा हिरवा दाणा जगात कसा खाल्ला जातो हे पाहून मी घरी एकेक प्रकार करून पाहत आहे. रोममध्ये १ मे रोजी कच्चे कोवळे दाणे पेकोरिनो या खारट मेंढीच्या चीजबरोबर खाण्याची प्रथा आहे. जपानी लोक संपूर्ण शेंग निखाऱ्यावर भाजून आतले वाफाळलेले दाणे मिठाबरोबर खातात. आपल्याकडे शेकोटीत हुरडा आणि तुरीच्या शेंगा भाजणाऱ्यांना हा प्रकार नवा वाटणार नाही, आणि या हंगामात मला सर्वांत अधिक आवडला तो हाच. शांघायच्या परिसरात मे महिन्याच्या सुरुवातीला पातीच्या कांद्यावर दाणे सालीसकट परततात. तुर्कस्तानात अगदी कोवळी शेंग टरफलासकट ऑलिव्ह तेलात शिजवून शेपू आणि दही घालतात. पेरू, बोलिव्हिया आणि इक्वेडोरच्या पठारांवर स्पॅनिश लोकांनी नेलेला हा दाणा तीन हजार मीटरहून अधिक उंचीवर पिकतो आणि मक्याच्या उकडलेल्या कणसाबरोबर ताटात येतो. इजिप्तची ‘फूल’ नावाची उसळ आणि ‘तामिया’ नावाचे वडे हे पदार्थ मात्र वाळलेल्या दाण्यांचे आहेत, त्यामुळे ते या नोंदींच्या कक्षेबाहेर ठेवतो.

इराणी बागाली पोलो हा मोकळा भात, हिरवा बाकला आणि भरपूर शेपू यांचा पदार्थ आहे, आणि त्याची कृती समजून घेताच आपला सोलेभात आठवल्यावाचून राहत नाही. तुरीच्या सोल्यांच्या जागी सोललेला बाकला, चिन्नोर तांदूळ, अर्धा शिजल्यावर थरांत घातलेला चिरलेला शेपू, आणि वरून तुपात परतलेला लसूण, एवढ्यावर भात उत्तम झाला. गरम मसाला घालण्याचा मोह टाळावा, कारण तो शेपूचा वास झाकून टाकतो. साध्या भाजीसाठी तिखट-मीठ, जवसाचा कूट आणि वरून सांबार (कोथिंबीर) पुरेसा आहे.

खाणाऱ्यांसाठी आवश्यक सूचना

ज्यांच्या रक्तपेशींत जी-६-पीडी या विकराची जन्मजात उणीव असते, त्यांना बाकला खाल्ल्याने गंभीर अपाय होऊ शकतो. दाण्यातील वायसीन आणि कॉनवायसीन या द्रव्यांमुळे अशा व्यक्तींच्या तांबड्या पेशी फुटतात, साधारण एक-दोन दिवसांत लघवी गडद होते, डोळे पिवळे पडतात आणि धाप लागते; लहान मुलगे याला अधिक बळी पडतात. कच्चे, ताजे दाणे सर्वाधिक धोक्याचे आहेत, आणि शिजवल्यानेही धोका पूर्णपणे जात नाही. ही उणीव ज्या प्रदेशांत पूर्वापार हिवताप आहे तेथे अधिक आढळते, त्यामुळे पूर्व विदर्भातील आपण हे दूरचे प्रकरण समजू नये. हिवतापावरील प्रायमाक्विनने घरातील कोणाला असा त्रास झाला असेल, तर तपासणी होईपर्यंत त्या घरात बाकला शिजवू नये. सिकलसेलची तपासणी झालेली असणे येथे पुरेसे नाही. ही तपासणी वेगळी असते. गावात शेंगा वाटताना मी प्रत्येक घरी हे सांगूनच देत आहे, आणि शेंग दिसायला पोपटाच्या जवळची असल्यामुळे न सांगता देणे योग्यही नाही.

फेब्रुवारी : सद्यःस्थिती

युरोपीय वाण जानेवारी संपताना फुलला, आणि दुपारचे ऊन चढताच त्याची जवळपास सगळी फुले गळाली. तो वाण पुढील वर्षी लावणार नाही. देशी झाडांच्या खालच्या आणि मधल्या पेरांवरील शेंगा भरल्या, वरच्या पोकळ राहिल्या. म्हणजे डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत जी फुले धरतील तेवढाच आपला हंगाम आहे, आणि पेरणीची तारीख त्यावरून मागे मोजावी.

बियाण्यासाठी लाखोळीच्या मातीतील सर्वांत आधी फुललेली झाडे राखली असून त्यांच्या मधल्या शेंगा काळ्या पडेपर्यंत झाडावरच ठेवणार आहे. मधमाश्यांमुळे वाणांची सरमिसळ होते, परंतु देशी झाडांच्या या शेंगा धरल्या तेव्हा युरोपीय वाणाला कळीही नव्हती, त्यामुळे हे बियाणे शुद्ध राहावे. दाणे कडक वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवले तरी भुंगेऱ्यासाठी महिन्यातून एकदा डबा उघडून पाहावा लागतो. पुढील हिवाळ्यात अर्धे बी वरंब्यावर आणि अर्धे थेट धानाच्या धुऱ्यावर, ओलिताशिवाय, केवळ बांधीच्या उरलेल्या ओलीवर टोकून पाहण्याचे ठरवले आहे.