घोडी ठणठणीत, रिपोर्ट पॉझिटिव्ह

एक्सरेत घोडीच्या पुढच्या पायाच्या फेटलॉकमध्ये, म्हणजे खुराच्या वरच्या सांध्यात, हाडाची बारीक कपची सुटलेली दिसली, दुर्बिणीने काढायची ठरली आणि हॉस्पिटलने सांगितलं की आधी नाकाचा स्वॅब आणि लिदीचं सॅम्पल पाठवा. गेल्या वर्षी पोटाच्या ऑपरेशनसाठी ती दुसरीकडे अ‍ॅडमिट होती, तेव्हा पेनिसिलिन आणि जेंटामायसिन ही दोन्ही अँटिबायोटिक चालू होती, आणि अशी हिस्ट्री असलेला घोडा, औषधांना न जुमानणारे जंतू आहेत का ते तपासल्याशिवाय, ते आत घेत नाहीत. घोडी चंदी चाटूनपुसून संपवतेय, ताप नाही, नाक कोरडं, खरारा केला की अंग चकाकतंय. हिच्यात काय सापडणार म्हटलं.

दोन्हीकडे सापडलं. नाकात एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिनला न जुमानणारा स्टॅफ नावाचा जंतू, आणि लिदीत ईएसबीएलवाला ई. कोलाय, म्हणजे आतड्यातला बऱ्याच अँटिबायोटिकना न जुमानणारा जंतू.

स्वॅब घेणं हेच एक प्रकरण असतं बरं का. घोड्याच्या नाकपुडीत वरच्या बाजूला एक बंद पिशवी असते, काडी तिकडे गेली की पुढे रस्ताच नाही, म्हणून डॉक्टर काडी खालच्या अंगाने, मधल्या पडद्याला धरून आत सरकवतात, आणि तेवढ्यात घोडी मान झटकते. मग लॅबमध्ये ती काडी खारट द्रवात ठेवतात कारण स्टॅफला मीठ चालतं, बाकीच्या बऱ्याच जंतूंना चालत नाही, मग प्लेटवर वाढवतात, मग खरंच रेझिस्टंट आहे का ते परत तपासतात. म्हणून रिपोर्ट लगेच मिळत नाही, रोज फोन करून उपयोग नाही.

रिपोर्ट हातात आल्यावर माझा पहिला प्रश्न, मग आता कुठलं अँटिबायोटिक सुरू करायचं? डॉक्टर म्हणाले, "कुठलंच नाही. तिला काही झालेलं नाही, ती नुसती बाळगतेय."

हे पचायला वेळ लागला. पॉझिटिव्ह म्हटलं की औषध हे डोक्यात इतकं बसलेलं असतं ना. पण त्यांनी बसवून समजावलं. मेथिसिलिन हे पेनिसिलिनच्या घराण्यातलं औषध 1959 मध्ये आलं आणि 1961 मध्ये त्याला न जुमानणाऱ्या स्टॅफची नोंद झालीसुद्धा. या जंतूकडे मेकए नावाचा जीन असतो, त्यामुळे त्याच्या पेशीची भिंत बांधणारं एक वेगळंच प्रोटीन तयार होतं आणि पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं त्याला नीट चिकटतच नाहीत. ईएसबीएल म्हणजे औषध कापून टाकणारं एन्झाइम, सेफ्टिओफर घोड्यांना देतात ना, तेसुद्धा कापतं, आणि त्याचा जीन बहुतेक वेळा प्लाझमिडवर असतो, म्हणजे एक जंतू तो शेजारच्या जंतूला देऊन टाकू शकतो. आता अशा घोडीला तोंडाने किंवा सुईने अँटिबायोटिक दिलं तर आतले साधे, गरीब जंतू मरणार आणि हे दांडगे मोकळ्या जागेत वाढणार. वर घोड्याचं चाऱ्याचं पचन मुख्यतः मोठ्या आतड्यातल्या जंतूंच्या जिवावर चालतं, तिथलं गणित बिघडलं तर जुलाब लागून घोडा हातचा जाऊ शकतो, म्हणजे धडधाकट जनावराला आपणच आजारी पाडायचं.

मी म्हटलं मग माणसांना ऑपरेशनआधी नाकात मलम लावतात तसं? तर घोड्याचं नाक एवढं लांब आणि आतून एवढं वळणावळणाचं की मलम पोचणार कुठवर. आणि मुख्य म्हणजे परत परत लागण होत नसेल तर बरेचसे घोडे नाकातला एमआरएसए काही आठवड्यांत आपोआप घालवतात. म्हणजे थांबायचं. कपची काही पळून जात नव्हती, पण पायाला चीर देताना नाकात एमआरएसए असेल तर जखमेत तो शिरण्याची भीती जास्त, म्हणून तारीख पुढे ढकलली.

थांबायचं म्हणजे नुसतं बसायचं नाही. घोडीला टोकाच्या खणात हलवलं, शेजारच्याशी नाकाला नाक लागणार नाही असं. तिची बादली, खरारा, लगाम, फावडं सगळं वेगळं, त्यावर लाल टेप. तिचं काम सगळ्यात शेवटी, हातमोजे घालून, आणि नंतर हात धुवायचेच. पाण्याचा पाइप बादलीत बुडवायचा नाही, वरून धार सोडायची (ही सवय मोडायला सगळ्यात जास्त कटकट झाली). जंतुनाशक लिदीवर ओतून काही होत नाही, आधी घासून साबणाने साफ करायचं, वाळू द्यायचं आणि मग ते मारायचं. रोज कोण करणार असं मलाही वाटायचं, पण घोडी सांभाळणाऱ्या साईसदादांनी माझ्यापेक्षा नेटाने केलं.

त्यांनीच विचारलं, "डॉक्टर, मला झालं असेल का, घरी लहान मूल आहे." प्रश्न रास्तच होता, घोड्यांचे डॉक्टर आणि घोड्यांत काम करणारी माणसं यांच्या नाकात हा जंतू इतरांपेक्षा जास्त सापडतो, आणि माणसाकडून घोड्याकडेही जातो, म्हणजे कोणी कोणाला दिला ते सांगता येईलच असं नाही. डॉक्टरांनी सांगितलं की निरोगी माणसाच्या नाकात असून बहुतेकदा काहीच होत नाही, हाताला कापलं असेल तर झाकून ठेवा, घोडीच्या नाकाचे मुके घेऊ नका (हे माझ्याकडे बघून), आणि स्वतःचं ऑपरेशन असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल तर आपल्या डॉक्टरांना घोड्यांत काम करतो हे आधी सांगा. बाकीच्या घोड्यांचेही स्वॅब घेतले, त्यात तिच्याबरोबर बाहेर सोडत होतो तो एक पॉझिटिव्ह निघाला. तोही ठणठणीत. त्याचीही बादली लाल टेपवाली झाली.

नंतरचा स्वॅब निगेटिव्ह आला तरी हॉस्पिटलने एकावर विश्वास ठेवला नाही. काडीत जंतू कमी आले तरी निगेटिव्ह येऊ शकतं, त्यामुळे मध्ये अंतर ठेवून पुन्हा घेतला, तोही निगेटिव्ह, तेव्हा कुठे तारीख मिळाली. लिदीतला ई. कोलाय मात्र तसाच होता, त्यासाठी तिला तिथे वेगळ्या खणात ठेवलं, लीद वेगळी उचलली आणि ऑपरेशनचा नंबर दिवसातला शेवटचा. अँटिबायोटिक दिलं ते फक्त ऑपरेशनपुरतं, आणि तेही तिच्या रिपोर्टमध्ये कशाला कोण दाद देतं ते बघून निवडलं.

जखम छान भरली, टाके निघाले, आता ती हळूहळू चालायला लागलीय. दुसऱ्या घोड्याचा पुढचा स्वॅब अजून यायचाय. लिदीचं सॅम्पल डॉक्टर म्हणाले उगाच पाठवत बसू नका, आहे असं धरूनच हात धुवा.