चार नांगर टाकून उजाडायची वाट बघणं

घाबरलेल्या माणसाला "विश्वास ठेव, सगळं नीट होईल" असं कुणी सांगितलं की मला ते पटत नाही. सांगणाऱ्याचं मन चांगलं असतं, पण ज्याचं माणूस समुद्रावर आहे आणि फोन लागत नाहीये त्याला त्या वाक्याचा काडीचा उपयोग होत नाही, उलट एक जास्तीची भीती मागे लागते की बहुतेक माझाच विश्वास कमी पडतोय म्हणून छातीत धडधडतंय. आणि आमच्या वसईच्या किनाऱ्यावर, कोळीवाड्यात, कुणाचं ना कुणाचं माणूस कायमच समुद्रावर असतं. माझ्या सासरी बोट आहे, दीर तांडेल, म्हणजे बोट चालवणारे आहेत, माहेरचा धाकटा भाऊ मर्चंट नेव्हीत. २०२३ च्या नोव्हेंबरपासून तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू झाले, पुढच्या मार्चमध्ये तर एका जहाजावर क्षेपणास्त्र पडून तीन खलाशी गेले, तेव्हापासून आमची आई टीव्हीवर बातम्या लागल्या की उठून आत जाते. जहाजं आफ्रिकेला वळसा घालून न्यायला लागले तेव्हा जरा बरं वाटलं, पण मग तिकडच्या लाटांची काळजी. आईचं म्हणणं, काळजीला काय, एक दार बंद केलं की ती दुसऱ्या दाराने येते.

तर अशा दिवसांत मी बायबलमधलं जे पान परत परत उघडते ते कुठलं स्तोत्र नाही. तेविसावं स्तोत्र आवडतं, पाठ आहे, आमच्याकडे लहान पोरांनाही पाठ असतं. पण मी उघडते ते प्रेषितांची कृत्ये, अध्याय २७. येशूची शिकवण सांगत फिरणाऱ्या संत पौलाचं जहाज फुटलं ती गोष्ट. कोळ्यांच्या घरात वाचायलाच लिहिल्यासारखी आहे बघा ती, कारण लिहिणारा लूक स्वतः जहाजावर होता, तो "आम्ही आम्ही" म्हणून सांगतो, आणि वारा कुठून आला, शिडाचं काय केलं, होडी वर कशी ओढून घेतली, जहाजाला खालून दोर कसे आवळले, सगळं सांगतो. आमचे सासरे धार्मिक पुस्तक असं फारसं हातात धरत नाहीत पण हा अध्याय मी मोठ्याने वाचला तेव्हा मधेच थांबवून म्हणाले, ह्याला समुद्र माहीत आहे.

गोष्ट थोडक्यात अशी. पौल कैदी आहे, त्याला रोमला नेतायत. जहाज आलेक्सांद्रियाचं, गव्हाने भरलेलं, माणसं २७६. हंगाम संपलेला, पौल सांगतो आता पुढे जाऊ नका, नुकसान होईल. पण शताधिपती, म्हणजे त्याला नेणारा रोमी सैन्याचा अधिकारी, कैद्याचं कशाला ऐकेल, तो तांडेलाचं आणि जहाजाच्या मालकाचं ऐकतो, आणि क्रेत बेटाजवळ वादळ गाठतं. मग दिवसांमागून दिवस ना सूर्य दिसतो ना तारे. त्या काळी जीपीएस कुठलं, तारे नाहीत म्हणजे आपण कुठे आहोत तेच कळायला मार्ग नाही. लूक सरळ लिहितो की आम्ही वाचू ही आशाच सुटली. "आम्ही", म्हणजे त्यात तोही आला. तो काही "माझा विश्वास ढळला नाही" वगैरे लिहित नाही.

आणि मग रात्री देवदूत पौलाला सांगतो, भिऊ नको. पौल ते सगळ्यांना सांगतो, आणि सोबत हेही सांगतो की तुमच्यातलं एकही माणूस जाणार नाही, जहाज मात्र जाईल.

मला हे वाक्य फार धीर देतं. जहाज जाईल. ज्या घरातली बोट कर्जाची असते त्या घरात हे वाक्य किती जड आहे ते आमच्याकडे कुणालाही विचारा. इंजिन, जाळी, डिझेलची उधारी, सगळं त्यात. तरी देव इथे खोटं आश्वासन देत नाही, काय राहील आणि काय जाईल ते आधीच सांगून टाकतो. मी प्रार्थना करते तेव्हा आता एवढंच मागते की माणसं राहू देत, आणि बाकी जे जाणार असेल ते जाताना सोसायची ताकद दे.

चौदाव्या रात्री खलाशांना जमीन जवळ आल्याचा अंदाज येतो. ते बुडीद टाकून पाणी मोजतात, वीस वाव भरतं, थोडं पुढे पंधरा वाव. खडकावर आपटू म्हणून मागच्या बाजूने चार नांगर टाकतात आणि दिवस उजाडायची वाट बघत बसतात. बस, एवढंच. त्या रात्री दुसरं काही करण्यासारखं नाहीच. काही खलाशी पुढचे नांगर टाकायचं निमित्त करून छोटी होडी पाण्यात सोडतात, म्हणजे आपण पळायचं आणि बाकीच्यांना सोडायचं. पौलाच्या ते लक्षात येतं, तो सैनिकांना सांगतो, सैनिक होडीचे दोर कापतात. हे वाचताना मला करोनाचे दिवस आठवतात, औषध आणि ऑक्सिजनसाठी जी धावाधाव झाली ते दिवस. भीतीने काही माणसं अशी होडीकडे पळाली आणि काही माणसं रात्रभर दुसऱ्याच्या आईबापासाठी फोन करत बसली. दोघंही घाबरलेलेच होते.

उजाडायच्या आधी पौल काय करतो? सगळ्यांना जेवायला सांगतो. चौदा दिवस धड खाल्लं नाहीये, खा, जगायचंय तर खायला पाहिजे. मग भाकर घेतो, सगळ्यांसमोर देवाचे आभार मानतो, मोडतो आणि स्वतः खायला लागतो. वादळ चालूच आहे, जहाज अजून फुटायचंय. मग सगळ्यांना धीर येतो आणि तेही खातात.

ख्रिस्ताची शांती म्हणतात ती मला ह्या जागी दिसते. डोळे मिटून बसलेल्या माणसात दिसते तशी इथेही दिसते, पण इथे जास्त. भिजलेला, उपाशी कैदी २७५ लोकांना जेवा म्हणून सांगतोय. आणि ह्याच पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना पत्रात आधीच लिहून ठेवलंय की माझं तारू तीनदा फुटलं, एक रात्र एक दिवस मी समुद्रात काढला. म्हणजे समुद्राची भीती काय असते हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

२०२१ च्या मे महिन्यात तौक्ते आलं तेव्हा मला हे घरात बघायला मिळालं. हवामान खात्याचा इशारा आधी आलेला, त्यामुळे आमची बोट आत घेतलेली होती, पण बांधलेल्या बोटी एकमेकींवर आपटून फुटतात त्यामुळे घरातले पुरुष त्या वाऱ्यात दोर बघायला बंदरावर. लाइट गेलेली, पत्रे उडण्याचे आवाज, करोनाची दुसरी लाट चालू, देऊळ म्हणजे आमचं चर्च बंद, फादरांना बोलवायचं म्हटलं तरी कसं. आम्ही बायका रोझरीची जपमाळ घेऊन बसलो, नमो मारिया म्हणताना माझा आवाज कापत होता. आणि सासूबाई? सासूबाईंनी मेणबत्ती लावून गॅसवर मोठं भांडं चढवलं, भात आणि सुक्या बोंबलाचं कालवण. रोझरी तोंडात चालू, हात कालवणात. जे पुरुष भिजून येत होते, आमचे असोत की शेजारचे, प्रत्येकाला आधी जेव मग बोल. त्यांना प्रेषितांच्या कृत्यांमधलं पौलाचं जेवण डोळ्यासमोर होतं असं मला वाटत नाही, पण प्रार्थना आणि कालवण वेगळं करता येत नाही हे त्यांना आधीपासून माहीत होतं. त्या रात्री माझी भीती गेली नाही. पण मला काम मिळालं, मी ताटं करत राहिले, आणि कधीतरी लक्षात आलं की आवाज कापायचा थांबलाय.

आता जड गोष्ट. त्याच वादळात, १७ मे ला, समुद्रातल्या बॉम्बे हाय तेलक्षेत्राजवळ पी-३०५ नावाचा बार्ज, म्हणजे कामगार राहायचे ते सपाट जहाज, बुडाला. २६१ माणसं होती त्यावर. त्याचे तर नांगरच तुटले होते, बार्ज वाहत गेला. नौदलाने जीव धोक्यात घालून १८० च्या वर लोक वाचवले, आणि सत्तरच्या वर माणसं गेली. त्यांच्या घरी कुणी प्रार्थना करत नव्हतं का? करत असणारच. देवळात, मंदिरात, मशिदीत, घराच्या कोपऱ्यात, असेल त्या देवाला हात जोडून. मग पौलाच्या जहाजावरचे २७६ वाचले आणि हे का नाही, ह्याला माझ्याकडे उत्तर नाही आणि जो कुणी पटकन उत्तर देतो त्याच्यापासून मी लांब राहते. पौलाला मिळालेलं वचन त्या जहाजापुरतं होतं. प्रत्येक बोट घरी येईल असं देवाने कुठेच म्हटलेलं नाही.

मग काय म्हटलंय? रोमकरांच्या पत्रात पौल म्हणतो की मरण असो की जीवन असो, उंची असो की खोली असो, काहीही आपल्याला देवाच्या प्रीतीपासून वेगळं करू शकत नाही. खोलीसुद्धा. किनाऱ्यावरच्या माणसाला ती खोली म्हणजे काय ते बरोबर कळतं. ज्यांचे मृतदेहसुद्धा हाती लागत नाहीत अशी घरं इथे आहेत आणि त्या घरांना ह्यापेक्षा मोठं काही मी सांगू शकत नाही, की जिथे आपला हात पोचत नाही तिथे त्याचा पोचतो. हे मी मनापासून मानते.

आमच्या वसईचा संत गोन्सालो गार्सिया पण हेच सांगून गेला असं मला वाटतं. त्याला कुणी वाचवलं नाही. ५ फेब्रुवारी १५९७ ला जपानमध्ये नागासाकीला पंचवीस साथीदारांबरोबर त्याला ख्रिस्ती श्रद्धेपायी क्रुसावर मारलं. आमच्याकडे त्याचा सण होतो, गाणी, बँड, नवीन कपडे, सगळं असतं, असावंच. पण सणाच्या गर्दीत कधी कधी मला वाटतं की घरापासून इतक्या लांब, थंडीत, मरायला चालत जाताना हा वसईचा माणूस घाबरला नसेल का? घाबरला असेल, आणि तरी चालत राहिला.

भीती वाटणं म्हणजे पाप नाही हे मी रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना आवर्जून सांगते. क्रुसावर जायच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू येशू स्वतः व्याकूळ झाला होता, माझा जीव मरणाइतका दुःखी आहे म्हणाला, मित्रांना म्हणाला इथे थांबा, जागे राहा. देवाच्या पुत्राला त्या रात्री सोबत हवी होती. मग तुम्हाला आम्हाला सोबत मागायला कसली लाज? आणि हो, ज्यांना झोपच येत नाही, जीव घाबरा होऊन दम लागतो, त्यांनी डॉक्टरकडे जावं, गोळी लिहून दिली तर घ्यावी, गोळी घेतल्याने विश्वास कमी होत नाही. लूक स्वतः वैद्य होता, पौलाने त्याला तसंच म्हटलंय.

मार्कच्या शुभवर्तमानातलं ते दुसरं वादळ पण आहेच, गालील सरोवरातलं. २७ मार्च २०२० ला पोप फ्रान्सिस भर पावसात व्हॅटिकनच्या रिकाम्या चौकात उभे राहून तोच उतारा घेऊन बोलले होते, आम्ही सगळे मोबाईलवर बघत होतो. मचव्यात पाणी भरतंय आणि येशू मागच्या बाजूला उशीवर झोपलाय. शिष्यांमधले निदान चौघे तर जन्माचे मच्छीमार, ते घाबरलेत म्हणजे वादळ खरंच मोठं असणार. ते त्याला उठवून जवळजवळ भांडतात, आम्ही बुडतोय, तुला काही पडलीय की नाही? आणि तो आधी वाऱ्याला धमकावतो, मग त्यांना विचारतो की तुम्ही का घाबरलात, अजून तुम्हाला विश्वास नाही का. आधी वारा, मग प्रश्न. म्हणून मी म्हणते, त्याच्याशी असं बोलायला हरकत नाही. आमची आई बोलते. भावाचं जहाज रेंजच्या बाहेर असलं की मूर्तीसमोर उभी राहून स्पष्ट विचारते, माझ्या पोराकडे लक्ष आहे ना तुझं? त्यात मला अश्रद्धा वाटत नाही, ओळख वाटते.

आता १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद आहे, दीर घरी आहेत, जाळी दुरुस्तीला काढलीत, अंगणात पाय ठेवायला जागा नाही. भाऊ जहाजावरच आहे. रात्री जेवणाआधी आम्ही थोडंसं वाचतो, फार नाही, पोरं कंटाळतात. १०७ व्या स्तोत्रात जहाजांवर जाणाऱ्यांचा एक भाग आहे, लाटा आकाशाला जातात आणि खाली खोल उतरतात, माणसं दारू प्यायल्यासारखी झोकांड्या खातात, मग ती हाका मारतात आणि तो त्यांना बंदराला आणतो, तो भाग दीर स्वतः मागून घेतात वाचायला. त्यानंतर समुद्रावर असलेल्यांची नावं घेतो. आपल्या घरची, शेजारची, आणि जे परत आले नाहीत त्यांची पण, ही पद्धत सासूबाईंची. मग जेवतो.

ऑगस्टमध्ये बोटी निघायच्या आधी फादर बंदरावर येऊन त्यांना आशीर्वाद देतील, पवित्र पाणी शिंपडतील. ज्यांच्या घरातलं कुणी तेव्हा बाहेर पडणार असेल त्यांनी त्याआधी एकदा प्रेषितांची कृत्ये २७ घरात मोठ्याने वाचा, पोरांना जवळ घेऊन वाचा. नांगरांच्या जागी घाई करू नका, त्यांचे प्रश्न तिथेच सुरू होतात, आणि घरातल्या म्हाताऱ्यांकडे तिथे सांगायला पुष्कळ असतं.